प्रकाशाचा कोन आणि भाड्याचा हिशेब : मुंबईच्या गृहरचनेतील एका नियमाचा इतिहास

१. प्रास्ताविक

‘हरित वास्तुरचना’ ही संज्ञा आपल्याकडे चालू शतकाच्या आरंभी रूढ झाली. २००१ साली भारतीय हरित इमारत परिषदेची स्थापना झाली. २००३ साली हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीस ‘लीड’ पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. २००७ साली ऊर्जासंवर्धन इमारत संहिता प्रसिद्ध झाली, आणि २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आली. ह्या सर्व प्रयत्नांचे समर्थन सामान्यतः दोन रकान्यांत मांडले जाते. पहिल्या रकान्यात निसर्गाचा लाभ, म्हणजे वीज, पाणी, सिमेंट ह्यांची बचत. दुसऱ्या रकान्यात पैशाचा लाभ, म्हणजे आरंभीचा खर्च थोडा अधिक असला तरी पुढील वापराचा खर्च कमी.

हा हिशेब चुकीचा नाही. तथापि त्याच्या बुडाशी एक गृहीत आहे, आणि ते बहुधा उच्चारले जात नाही. जो खर्च करतो तोच पुढे बचत भोगतो, असे ते गृहीत होय. स्वतःच्या कार्यालयासाठी इमारत उभारणाऱ्या संस्थेच्या बाबतीत ते खरे ठरते. परंतु ज्या शहरात बांधणारा एक, राहणारा दुसरा, आणि आजारपणाचा भार वाहणारा तिसरा, तेथे हे दोन रकाने एकाच खातेवहीत राहत नाहीत. अशा शहराचा इतिहास ह्या दृष्टीने तपासला तर हरित रचनेच्या लाभाचा प्रश्न मुळात वाटणीचा प्रश्न आहे, असे दिसून येते.

प्रस्तुत निबंधात मुंबईच्या गृहरचनेतील एका साध्या नियमाचा मागोवा घ्यावयाचा आहे. दोन इमारतींमध्ये किती मोकळी जागा असावी, एवढेच तो नियम सांगतो. त्याचा जन्म प्लेगच्या काळात झाला, त्याचे शास्त्रीय कारण पुढे अंशतः बदलले, आणि शतकाच्या अखेरीस गरिबांच्या घरांपुरता तो जवळजवळ विसरला गेला. ह्या प्रवासात पर्यावरण आणि अर्थव्यवहार ह्यांचा जो संबंध प्रकट होतो, तो आजच्या मानांकनांच्या अभ्यासकांनाही उद्बोधक वाटावा, अशी अपेक्षा आहे.

२. प्लेग आणि काळोख्या खोल्या

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी रोगाचे निदान केले, आणि काही महिन्यांतच शहरातून माणसांचा लोंढा बाहेर पडू लागला. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. ज्या शहराची वाढ गिरण्या, गोदी आणि रेल्वे ह्यांच्या बळावर अखंड चालली होती, त्याची लोकसंख्या दशकाअखेर घटलेली दिसावी, ही घटना राज्यकर्त्यांना हादरवून टाकणारी होती.

त्या काळचे बहुतेक अधिकारी रोगाचे मूळ कोंदट हवेत व काळोखात शोधीत होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईची चाळ उभी होती. एका माणसामागे खोलीचे क्षेत्रफळ किती, एवढ्यावरून तिचे खरे स्वरूप कळत नाही. एका ओळीत खोल्या, पुढे सामाईक सज्जा, काही ठिकाणी खोलीमागे खोली, आणि दोन चाळींच्या पाठींमध्ये हात-दोन हातांची ‘घरगल्ली’ अशी तिची रचना असे. ह्या घरगल्लीतून सांडपाणी वाहे, शौचकूपांचा मैला तेथूनच उचलला जाई, आणि वरच्या मजल्यांवरून केरही तेथेच पडे. खोलीला मागील बाजूस खिडकी असली तरी ती ह्या गल्लीवर उघडत असल्यामुळे राहणारे ती बंदच ठेवीत. म्हणजे नकाशावर खिडकी होती, पण प्रत्यक्षात वायुवीजन नव्हते. इमारतीचा गुण खिडकीवर अवलंबून नसून खिडकीबाहेर काय आहे त्यावर अवलंबून असतो, हा धडा घरगल्लीने तेव्हाच दिला होता.

१८९८ च्या कायद्याने ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, नवे रुंद रस्ते काढणे, समुद्राची हवा शहराच्या पोटात आणणे, नवीन भूमी वसविणे आणि गरिबांसाठी घरे बांधणे ही कामे त्याच्याकडे आली. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते, नागपाड्याची योजना, आणि उत्तरेकडील दादर-माटुंगा भागातील वसाहती ही त्याची ठळक कामे होत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ट्रस्टची स्थापना झाली त्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरावरील पिसू हीच प्लेगची वाहक असल्याचे प्रतिपादन केले. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते मत दृढ केले. म्हणजे ज्या रोगासाठी प्रकाश व हवा ह्यांचा पुरस्कार सुरू झाला, त्या रोगाचे खरे कारण कोंदट हवा हे नव्हते. परंतु त्यामुळे तो पुरस्कार निरर्थक ठरला नाही. क्षयरोग त्याच खोल्यांत होता. प्लेगप्रमाणे एका ऋतूत शहर रिकामे न करता तो वर्षानुवर्षे माणसे नेत होता. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, ह्याचा प्रायोगिक पुरावा अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात दिला. क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिगांपर्यंत नेली असता त्यांना रोग जडला. तेव्हा मुंबईच्या नियमाचे पहिले कारण अपुरे होते, पण नियम योग्य होता. धोरणांच्या इतिहासात असे प्रसंग विरळ नाहीत. मात्र त्यातून एक धोका उद्भवतो. ज्या कारणासाठी नियम केला ते कारण मागे पडले की नियमही अनावश्यक वाटू लागतो.

३. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर ह्यांनी १९१२ साली ‘मुंबईतील निवासांतील प्रकाश व हवा’ ह्या विषयावर व्याख्यान दिले, आणि ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मुंबईत ज्यांच्या नावाशी जोडला गेला ते हेच ऑर. नियम असा : राहत्या खोलीच्या बाह्य भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर तिने क्षितिजाशी केलेला कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक असू नये. ह्या कोनाची स्पर्शज्या जवळजवळ दोन असल्याने व्यवहारात त्याचा अर्थ सोपा होतो. समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये असली पाहिजे. साठ फूट उंचीस तीस फूट अंतर, एवढे गणित गवंड्यासही तोंडपाठ करता येईल.

हा कोन मुंबईत जन्मलेला नाही. १८९४ च्या लंडन इमारत कायद्यात घरांच्या मागील बाजूच्या मोकळ्या जागेसाठी हीच मर्यादा घातलेली आढळते. मुंबईने तो आकडा उचलला. परंतु उसना आकडा नव्या अक्षांशावर नवा अर्थ धारण करतो, आणि येथे थोडे गणित करणे उपयुक्त ठरेल.

पूर्वपश्चिम दिशेने एकामागे एक उभ्या असलेल्या समान उंचीच्या इमारती कल्पून घ्या. नियमाप्रमाणे त्यांच्यामधील अंतर उंचीच्या निम्मे आहे. डिसेंबरच्या अयनदिनी भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून सुमारे पंधरा अंश वर असतो. मुंबईत, एकोणीस अक्षांशावर, तो सुमारे साडेसत्तेचाळीस अंश वर असतो. त्या क्षणी लंडनमधील दक्षिणाभिमुख भिंतीच्या केवळ वरच्या अष्टमांशावर, किंवा थोड्या अधिक भागावर, ऊन पडते. मुंबईत तेच ऊन भिंतीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापते. उन्हाळ्यात तर मुंबईचा सूर्य मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस माथ्यावर येतो, आणि तेव्हा भिंतीपेक्षा छपरावर अधिक ताप पडतो. म्हणजे एकच नियम लंडनमध्ये जेमतेम उजेड देणारा, तर मुंबईत हिवाळ्यात ऊन देणारा व उन्हाळ्यात भिंतींना परस्परांची सावली मिळू देणारा ठरतो. नियमकर्त्यांच्या मनात हा सर्व विचार होता असे सुचवावयाचे नाही. परंतु नियमाची येथील उपयुक्तता त्याच्या मूळ गावापेक्षा अधिक होती, असे म्हणावयास हरकत नाही.

हवेसंबंधीही हेच म्हणता येते. मुंबईचे हवामान उष्ण व दमट आहे. दिवसाचे व रात्रीचे तपमान ह्यांत फारसा फरक नसल्याने जाड भिंतींचा जो उपयोग देशावरील वाड्यांत होतो तो येथे मर्यादित आहे. अंगावरील घाम वाळविणारी वाहती हवा हेच येथील सुखाचे मुख्य साधन. ती हवा खोलीतून वाहावयाची तर एका बाजूने आत येण्यास व दुसऱ्या बाजूने बाहेर जाण्यास मार्ग हवा, आणि दोन्ही मार्गांबाहेर मोकळीक हवी. हे साधन विजेशिवाय, यंत्राशिवाय चालते. त्याची किंमत एकाच वस्तूत मोजावी लागते, ती म्हणजे जमीन.

४. मोकळ्या जागेची किंमत

आता हाच नियम भाड्याच्या बाजूने पाहू. समजा चाळीची खोली चाळीस फूट आहे, दर मजला दहा फूट उंच आहे, आणि दोन चाळींत पाच फुटांची घरगल्ली आहे. म्हणजे एका चाळीस पंचेचाळीस फुटांचा पट्टा लागतो. चाळ चारमजली असेल तर नियमाने वीस फूट अंतर सोडावे लागेल, आणि पट्टा साठ फुटांचा होईल. तेवढ्याच जमिनीवर खोल्या एकचतुर्थांशाने कमी होतात. जमिनीचे उत्पन्न पूर्ववत ठेवावयाचे तर प्रत्येक खोलीचे भाडे एकतृतीयांशाने वाढवावे लागेल. आठमजली चाळ बांधली तर अंतर चाळीस फूट लागेल, पट्टा ऐंशी फुटांचा होईल, आणि खोल्यांतील घट जवळजवळ चव्वेचाळीस टक्क्यांवर जाईल.

ह्यातून नियमाचा एक गुण लक्षात येतो. मजले वाढविले तरी त्यांच्याबरोबर मोकळी जागाही वाढत असल्याने दाटी एका मर्यादेपुढे जाऊच शकत नाही. वरील उदाहरणात मजल्यांची संख्या कितीही वाढविली तरी बांधलेले एकूण क्षेत्र जमिनीच्या आठपटीस कधीही पोहोचणार नाही, आणि व्यवहार्य उंचीत ते चौपटीच्या आसपासच राहील. उलट घरगल्लीच्या पद्धतीत प्रत्येक नवा मजला मालकास पहिल्याइतकेच भाडे देतो आणि खालच्या सर्व मजल्यांचा उजेड थोडा थोडा काढून घेतो. हा काढून घेतलेला उजेड कोणाच्याही जमाखर्चात नोंदला जात नाही.

भाडेकरूने काळोखी खोली का घेतली, असा प्रश्न विचारता येईल. उत्तर त्याच्या कामाच्या ठिकाणात आहे. गिरणीचा भोंगा आणि गोदीची हजेरी चालत जाण्याच्या अंतरात असणे हे त्याच्या दृष्टीने उजेडापेक्षा तातडीचे होते. अपुऱ्या पुरवठ्याच्या बाजारात काळोख्या खोलीलाही गिऱ्हाईक मिळते. म्हणून मालकास उजेडाची किंमत मिळत नाही, आणि म्हणून तो उजेड बांधीत नाही. ही बाजाराची चूक नसून बाजाराचा स्वभावच आहे, आणि म्हणूनच येथे नियमाची आवश्यकता उत्पन्न होते.

परंतु नियम अंमलात आणण्याचा खर्चही कोणावर तरी पडतो. जुन्या वस्त्यांत ट्रस्टने भूसंपादन केले तेव्हा भरपाई मिळकतीच्या उत्पन्नावर ठरू लागली. दाटी जितकी अधिक तितके भाडे अधिक, आणि भाडे जितके अधिक तितकी भरपाई अधिक. आरोग्याला अपायकारक इमारतीचा मालक अशा रीतीने सार्वजनिक पैशातून पुरस्कृत झाला. पाडलेल्या घरांच्या मानाने आरंभीच्या वर्षांत नवी घरे कमी उभी राहिली, आणि विस्थापित भाडेकरू शेजारच्या वस्तीत जाऊन तेथील दाटी वाढविते झाले. १९१४ साली भारतात आलेले, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन करणारे पॅट्रिक गेडिस ह्यांनी सरसकट पाडापाडीच्या नगररचनेवर टीका केली, आणि आवश्यक तेवढेच काढून उरलेले सांभाळण्याची ‘जपणुकीची शस्त्रक्रिया’ पुरस्कारिली. त्यांच्या टीकेचे मर्म हेच होते की हवा व उजेड मिळविण्यासाठी ज्यांची घरे जातात त्यांनाच हवा व उजेड मिळेल, अशी काही व्यवस्था नव्हती.

नियम यशस्वी झाला तो दादर-माटुंग्याकडे. तेथे जमीन ट्रस्टच्या हाती होती. ट्रस्टने भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले, आणि पट्ट्यातच इमारतीची उंची, सोडावयाची जागा व रस्त्याची रेषा ह्यांच्या अटी घातल्या. मोकळ्या जागेचा भार जमिनीच्या किमतीतच आधी वजा झाल्याने मालकास त्याविषयी तक्रार राहिली नाही. दादरची पारशी कॉलनी, जिच्या उभारणीत ट्रस्टमधील अभियंते मंचेरजी एदलजी जोशी ह्यांचा पुढाकार होता, आणि तिच्या शेजारची हिंदू कॉलनी ह्यांचे सुखद वातावरण आजही जाणवते. त्याचे श्रेय वृक्षांना द्यावे तेवढेच ह्या पट्ट्यांच्या अटींना द्यावे लागेल. तथापि ह्या वसाहती मध्यमवर्गाच्या होत्या. ज्यांच्या नावाने प्रकाश व हवा ह्यांचा पुकारा झाला, ते गिरणकामगार तेथे राहावयास गेले नाहीत.

५. डेव्हलपमेंट विभागाच्या चाळी

कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर बांधण्याचा पहिला सरकारी प्रयत्न १९२० साली, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट विभागाने केला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला.

ह्या चाळी लोखंड-काँक्रीटच्या, तळमजला धरून चारमजली, बहुतांशी प्रत्येकी ऐंशी खोल्यांच्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. पर्यावरणीय दृष्टीने त्यांचे परीक्षण केले तर दोन परस्परविरोधी गोष्टी दिसतात. दोन चाळींमधील अंतर पुरेसे आहे. घरगल्ली नाहीशी झाली, आणि तिच्या जागी उत्सव, क्रीडा व सभा सामावून घेणारी पटांगणे आली. वरळी व नायगावच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास ह्या पटांगणांवाचून लिहिता येणार नाही. परंतु इमारतीच्या आत मधोमध बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंस खोल्या, अशी रचना असल्याने कोणत्याही एका खोलीस समोरासमोर दोन मोकळ्या बाजू मिळाल्या नाहीत. वाऱ्यास आरपार जाण्यासाठी दार उघडे, समोरचे दारही उघडे, आणि शेजाऱ्यांत सलोखा, एवढे सर्व हवे. खाजगी चाळीने आतील सज्जा दिला होता पण बाहेरचे अंतर दिले नव्हते; सरकारी चाळीने अंतर दिले पण सज्जा काढून घेतला. आरंभी ह्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. भाडे आणि कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर ही त्याची कारणे होतीच. त्यांत घराच्या गुणाचाही भाग होता, असे मानण्यास जागा आहे.

१९३३ साली ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला. ज्या संस्थेकडे जमीन आणि नियम ही दोन्ही एकत्र होती, ती अशा रीतीने संपली.

६. भाडेनियंत्रणापासून चटईक्षेत्रापर्यंत

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. टंचाईच्या काळात भाडेकरूस संरक्षण देणे आवश्यक होते, ह्यात शंका नाही. परंतु त्याबरोबर मालकाचा दुरुस्तीतील रस संपला. जी इमारत काळजीने जपली असती तर पन्नास वर्षे अधिक टिकली असती, ती तशीच सोडून देणे मालकास हिताचे झाले. १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून उपकराच्या पैशातून सरकारने ते काम अंगावर घेतले. पर्यावरणाच्या भाषेत सांगावयाचे तर उभ्या इमारतीत जी वीट, जे लाकूड, जो चुना आधीच खर्ची पडला आहे त्याचे आयुष्य वाढविणे ही सर्वांत मोठी बचत असते. आणि मुंबईत हीच बचत करण्याची इच्छा ना मालकास होती ना ऐपत भाडेकरूस.

ह्याच सुमारास नियमनाची भाषाही बदलली. १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर चटईक्षेत्र निर्देशांक आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तो मूळ शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा ठरला. कोनाचा नियम इमारतीचा तिच्या शेजाऱ्याशी असलेला संबंध मोजीत होता. चटईक्षेत्र निर्देशांक इमारतीचा केवळ स्वतःच्या भूखंडाशी असलेला संबंध मोजतो. दोन इमारतींचा निर्देशांक समान असूनही एकीत उजेड व दुसरीत काळोख असू शकतो. शिवाय निर्देशांक ही विकता येणारी, वाढविता येणारी, बक्षीस म्हणून देता येणारी वस्तू बनली. कोन विकता येत नव्हता. सभोवार मोकळी जागा सोडण्याचे स्वतंत्र नियम राहिले खरे, परंतु त्यांत सवलत देणे ही हळूहळू धोरणाचीच एक रीत झाली.

जुन्या चाळींचा पुनर्विकास आणि झोपडपट्टी पुनर्वसन ह्यांच्या योजना ह्याच तत्त्वावर उभ्या आहेत. मूळ रहिवाशास विनामूल्य घर द्यावयाचे आणि त्याचा खर्च विकासकास अधिक चटईक्षेत्र देऊन भरून काढावयाचा. १९९५ साली स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत प्रतिहेक्टर किमान ५०० गाळ्यांची घनता अपेक्षित धरली गेली, आणि मोकळ्या जागांच्या अटी शिथिल करण्यात आल्या. ह्या व्यवस्थेत सरकारास तिजोरीतून काही द्यावे लागत नाही, विकासकास नफा होतो आणि कुटुंबास पक्के घर मिळते. मग खर्च कोणी केला? त्याचे उत्तर खालच्या मजल्यांवर शोधावे लागते.

७. जुना रोग, नवी इमारत

मुंबईच्या एम-पूर्व विभागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत ह्या तीन पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ह्या संस्थेच्या पुढाकाराने झाला व २०१८ साली प्रसिद्ध झाला. इमारतींमधील अंतर, खोलीत पोहोचणारा उजेड, आकाशाचा दिसणारा भाग आणि वायुवीजन ह्यांचा क्षयरोगाच्या प्रमाणाशी संबंध असल्याचे त्यात दाखविण्यात आले. तीनपैकी दाट रचनेच्या दोन वसाहतींत रोगाचा भार अधिक होता.

ह्या प्रकारच्या वसाहतींत दोन इमारतींमधील अंतर काही ठिकाणी सुमारे तीन मीटर असते, आणि इमारती सातआठ मजल्यांच्या, म्हणजे वीस मीटरांहून उंच असतात. जुन्या नियमाने वीस मीटर उंचीस दहा मीटर अंतर लागले असते. तीन मीटरांच्या अंतरात तो नियम वरच्या सहा मीटरांपुरताच, म्हणजे शेवटच्या दोन मजल्यांपुरताच पाळला जातो. तळाशी समोरच्या माथ्याकडे पाहिले असता कोन ऐंशी अंशांपलीकडे जातो. दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि खालच्या बोळात केर पडत असल्याने खिडकी बंद ठेवावी लागते. १८९६ ची घरगल्ली शंभर वर्षांनी काँक्रीटमध्ये पुन्हा बांधली गेली.

हरित वास्तुरचनेच्या हिशेबाचा प्रश्न येथे नेमका उभा राहतो. मानांकनाचा आर्थिक लाभ मुख्यतः विजेच्या देयकातील बचतीने मोजला जातो. जे कुटुंब पंखा व दोन दिवे ह्यांपलीकडे वीज वापरीत नाही, त्याच्या घरात वाचविण्याजोगी वीजच अल्प असते. तेथे हवेशीर रचनेचा लाभ न बुडालेल्या मजुरीत, न घ्याव्या लागलेल्या औषधात आणि शाळेतून न काढलेल्या मुलात असतो. हा लाभ विजेच्या देयकाहून मोठा आहे, पण तो विकासकाच्या, वित्तसंस्थेच्या किंवा मानांकनाच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. जेथे रचना लाभदायक आहे तेथे ती मोजली जात नाही, आणि जेथे मोजली जाते तेथे लाभ बहुधा आधीच सुस्थितीत असलेल्यांस होतो.

२०१८ च्या इको-निवास संहितेने ह्या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले, हे मान्य केले पाहिजे. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेवर तिने मर्यादा घातली, आणि उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एकषष्ठांश असावे, असे सांगितले. विजेवाचून मिळणाऱ्या सुखाला ह्या तरतुदीने प्रतिष्ठा दिली. परंतु हे गुणोत्तर खिडकी मोजते, खिडकीसमोरची भिंत मोजत नाही. पटांगणावर उघडणारी खिडकी आणि तीन मीटरांच्या बोळावर उघडणारी खिडकी ह्या त्याच्या लेखी समान आहेत. घरगल्लीचा धडा अद्याप संहितेत उतरावयाचा आहे.

८. समारोप

उपर्युक्त विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मुंबईसारख्या शहरात हवा व उजेड हे इमारतीचे गुण नसून इमारतींमधील अंतराचे गुण आहेत. म्हणून एकेका इमारतीस दिलेले मानांकन अपरिहार्यपणे अपुरे राहते. दुसरा असा की, हरित रचना सर्वत्र ‘परवडते’ किंवा ‘परवडत नाही’ असे म्हणणे निरर्थक आहे. ती कोणास परवडते आणि तिच्या अभावाची किंमत कोण देतो, हाच प्रश्न होय. मोकळ्या जागेचा भार जमिनीच्या किमतीत आधीच वजा झाला तेथे नियम टिकला; तो भार प्रत्येक वेळी विकासकाच्या नफ्यातून वसूल करावयाचा ठरला तेथे नियम शिथिल झाला. तिसरा निष्कर्ष असा की, शास्त्रीय कारण बदलले म्हणून नियम कालबाह्य होत नाही. प्लेग मागे पडला, क्षय मागे पडला नाही. आणि वाढत्या उष्णतेच्या काळात त्याच मोकळ्या जागेस तिसरे कारण प्राप्त होत आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. डेव्हलपमेंट विभागाच्या चाळींचा आणि उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. आज जे अंतर ठरेल ते पुढील शंभर वर्षे बदलता येणार नाही. भिंतीचा रंग, काच किंवा दिवे मागाहून बदलता येतात, दोन इमारतींमधील जागा मागाहून निर्माण करता येत नाही. नगरपालिकेची क्षयरुग्णांची नोंद आणि मंजूर नकाशे प्रभागवार एकत्र ठेवून मजल्यागणिक अभ्यास केला, तर गमावलेल्या उजेडाची किंमत रुपयांतही मांडता येईल. अर्थशास्त्र, स्थापत्य व वैद्यक ह्या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे.